करटी

देवबागला, खाडी समुद्रात शिरते त्याच्या जरा अलीकडे,
सामंतांच्या रिसॉर्टवर मी काउंटर सांभाळते.
मेनूकार्डात सातव्या ओळीवर पेज आहे.
उकड्या तांदळाची, सोबत भाजलेला खारा बांगडा,
एकशे ऐंशी रुपये, कर वेगळा.
करटीतून येते.
करटी पॉलिश मारलेली, काळी कुळकुळीत,
खाली वेताची चुंबळ.
कोणी ओठ लावायच्या आधी तिचा फोटो निघतो.

पेजेची रीत आईची.
संदेशभाऊ सामंत घरी आले होते विचारायला,
वहीत लिहून घेत होते, तांदूळ किती, पाणी किती.
आई म्हणाली, "तांदूळ नाय मोजूचे.
माणसां मोजूची. मगे पाणी."
ते हसले. त्यांना वाटलं, म्हण आहे.
आता ते वाक्य रिसेप्शनच्या भिंतीवर आहे,
गेरूवर पांढऱ्या रंगात, वारली बायांच्या फेराशेजारी.
(वारली आमच्याकडे कोणी नाही. पण शोभतं.)

मला आठवते ती करटी वेगळी.
बाबांच्या पोटाचं ऑपरेशन कोल्हापूरला झालं
आणि घरातली भांडी धुरींच्या दुकानात गेली.
आधी हंडा. मग परात.
मग माझ्या बारशाच्या तीन पितळी वाट्या.
श्रावण होता, होड्या वर ओढलेल्या, झापांखाली.
आईने नारळाच्या करट्या घेतल्या,
काचेने बाहेरचा काथ्या खरवडला, विळ्याने कड तासली,
तरी एका बाजूला ओठ कापायचा.
मी ती बाजू पाठ केली होती.
धाकटा विजू विसरायचा.
त्याच्या पेजेत कधीकधी लाल धागा तरंगायचा
आणि तो तसाच प्यायचा.

सगळं वाईट नव्हतं, हेही लिहायला हवं.
कालिंदीकाकीकडून केळीच्या पानावर
चिमूटभर लोणचं यायचं,
आणि ते पान आमच्याकडून कधी रिकामं परत गेलं नाही.
काहीच नसलं तर चार अबोलीची फुलं.
याला काही म्हणतात हे तेव्हा माहीत नव्हतं.
रिसॉर्टच्या पत्रकात आता त्याला संस्कृती म्हटलंय.
पानाचा फोटो आहे, अबोलीचाही.
पान का पाठवावं लागलं, त्याला जागा पुरली नसावी.

गेल्या रविवारी आईला बोलावलं होतं,
पाहुण्यांसमोर चुलीवर पेज करायला.
नऊवारी त्यांनीच दिली. आई घरी गाऊन घालते.
पुण्याच्या एका बाईंनी मायेने विचारलं,
"मावशी, तुम्ही पूर्वीपासून करटीतूनच पिता ना?"
आईने माझ्याकडे पाहिलं.
माझा पगार नऊ हजार. विजूची फी त्यातूनच जाते.
"होय तर," ती म्हणाली, "भांडी सुटासर."
"म्हणजे?" बाईंनी मला विचारलं.
चुलीचा धूर माझ्या बाजूला वळला होता.
मी म्हटलं, "म्हणजे, फार पूर्वीपासून."
आईने डवली ढवळली.
तिला प्रमाण मराठी चांगलं कळतं.

परत येताना ती काहीच बोलली नाही,
फक्त बंदराजवळ म्हणाली,
"खोबरा कित्याक घालतत रे पेजेत?
खोबरा होता तर पेज कित्याक खाल्ली असती?"

घरी आमची ताटं स्टीलची.
हप्त्याने घेतलेली, सहा,
भांडीवाल्याकडून ठिपक्याठिपक्यांनी नाव घालून:
सौ. चंद्रभागा ग. मोंडकर.
स्टील रिसॉर्टला चालत नाही. फील येत नाही म्हणतात.
आई रात्री जेवली, भात आणि सुंगटाची आमटी,
ताट पुसून घेतलं बोटांनी,
मग एक बोट नावावरून सावकाश फिरत राहिलं.
बाबांना जाऊन चार वर्षं झाली.
"सौ." तिने अजून घासून काढलेला नाही.