अठरा मिलिमीटर

शेवटच्या वर्षाला चाळीस दाढा काढाव्या लागतात.
माझ्या वहीत एकतीस.
उरलेल्या नऊ शोधायला मी आणि रुखसार पिंजारी
सकाळी आठला देवपूरच्या बसस्टँडवर उभ्या राहतो.
गालाला हात लावलेला माणूस दिसला
की रिक्षाचं भाडं आमचं.

सुई आधी एकमेकींना टोचली होती.
तिच्या जबड्याच्या आत, पार मागे, माझं बोट
हाडाची कड चाचपत राहिलं
आणि तिचे डोळे माझ्यावर, न मिटता.
मग माझी पाळी.
अर्धा ओठ बधिर घेऊन कँटीनमध्ये बसले,
चहा हनुवटीवरून एप्रनवर.
तेवढ्यात आईचा फोन.
दारू पिनी का व?

बत्तिसावी दाढ हिलाल भामरे यांची असणार होती.
केळीचा ट्रक, सावदा ते दिल्ली.
वय एक्केचाळीस. खालची, डावी, किडून पोकळ.
मुळं सरळ.
एक्स-रे बघतानाच मी मनात
खूण करून टाकली होती.

आ करा.
त्यांनी केला.
अजून मोठा.
इतलाच व बाई, म्हणाले.

वरच्या-खालच्या दातांमध्ये पट्टी धरली: अठरा.
चिमटा आत जाईना.
आरसासुद्धा तिरका करून सरकवला,
बंद दाराखालून चिठ्ठी सरकवावी तसा.
आत गाल पांढरट, ताठ,
बोटाखाली सुतळीसारखे पट्टे
जिथं मऊ लागायला हवं होतं.

निकुंभ मॅडम मागे येऊन उभ्या होत्या, कधीपासून कोण जाणे.
चिमटा ट्रेमध्ये ठेव, म्हणाल्या.
स्टूल घे. विचार त्यांना.

मी विचारलं, लेक्चरमधल्या मराठीत:
आपण सुपारीयुक्त पदार्थांचं सेवन किती वर्षांपासून करता?
परराज्यातला टोलनाका लागावा
तसे ते माझ्याकडे बघत राहिले.

मग मी मास्क खाली ओढला.
पहिल्या वर्षी होस्टेलच्या गेटवर
चपलेसारखी काढून ठेवलेली बोली
पायात घालायला जरा वेळ लागला.
कितला वरीस व्हयनात, दादा?

बारा. रातले झोप येवाले नको म्हनीसन.
शिवपुरीना पुढे रस्ता सरळच सरळ,
डोया मिटतस.

मग बाकीचंही आलं.
तिखं लागलं की तोंड जयस.
शेवभाजी सुटली त्याला चार वर्षं.
भाकर पाण्यात बुडवून.
आणि मागे अकरा टन केळी भरलेली असताना
हा माणूस एक केळं
ताटलीत कुस्करून खातो.

मी रात्री खोलीवर केळं मोजलं.
पस्तीस मिलिमीटर.
रुखसार हसली, मग हसायची थांबली.

दाढ त्या दिवशी राहिली. दुखण्यावर गोळ्या,
गालाचा कण तपासणीला.
मॅडमनी खणातून आइस्क्रीमच्या लाकडी काड्या काढल्या,
एकावर एक रचून दातांत बसवल्या. अकरा.
रोज पाच वेळा. आठवड्याला एक वाढवायची. पुडी बंद.
वहीत याला रकाना कुठला, मी विचारलं.
नाही, म्हणाल्या, आणि पुढच्या खुर्चीकडे गेल्या.

रिपोर्ट बरा आला.
सहा आठवड्यांनी ते आले,
न बोलावता, स्वतःच्या भाड्यानं.
खिशात रबर लावलेला काड्यांचा गठ्ठा,
चावून चावून कडा केसाळलेल्या, डिझेलचा वास.
चौदा.
पट्टी धरली: बावीस.

पुडी?
त्यांनी खिडकीबाहेर बघितलं.
आठ दिनमा एक. खोटं नही सांगस.

मी काही बोलले नाही.
खणातली एक काडी पुढे केली.
चौदा दातांत असतानाच त्यांनी ती घेतली
आणि अंगठ्यानं, स्वतःच, हळूहळू आत सारली,
डोळ्यांत पाणी येईस्तोवर.

बाहेर रुखसार
कुणाच्या तरी रिक्षासाठी सुटे शोधत होती.