साडेबाराचा बार

अगाथा म्हणाली, आज काही काम नाही ना,
चल, बाबांचा काटा बघून येऊ.
म्हणून बुधवारी, डब्यात थालीपीठ, बाटलीत कोकम,
आम्ही दोघी पेन्शनवाल्या
मालाडच्या पार मागे, शेवटच्या स्टॉपला उतरलो.
पाटीवर नाव : सुरुंग नाका.
कंडक्टर म्हणाला, इथे फिरायला कोण येतं?

डोंगर होता म्हणे. आता त्याच्या जागी
डोंगराएवढाच खड्डा, काठोकाठ हिरवं पाणी,
काठावर गळ टाकून बसलेलं एक पोरगं
आणि पाण्यात उलटा टॉवर, अठ्ठावीस मजली,
वाळत घातलेल्या कपड्यांसकट.

दारूगोदामात आता सलून आहे.
जुनी पाटी कोणी उतरवलीच नाही.
नरसप्पा कुसाळकर वस्तरा पुसत म्हणाला,
"संध्याकाळी येतात बिचारे, पाटी वाचून.
मी सांगतो, इथली दारू डोंगर प्यायचा.
आलाच आहात, तर दाढी करून जा."
अर्धं गिऱ्हाईक त्याला असंच लागलंय.

काटा सापडला. ज्या पत्र्यावर ट्रक चढायचे
तिथे दोन शेळ्या, आणि चादरीवर मिरच्या.
अगाथा चपला काढून वर उभी राहिली.
काटा हलला नाही.
"बाबा टनात मोजायचे," ती म्हणाली,
"मी त्यांना दिसलेच नसेन."
मी हसले. मग हसू आवरलं.

साडेबाराला देवळापाशी एका म्हातारीने थाळी बडवली.
खाण बंद होऊन वीस-बावीस वर्षं झाली,
तरी दारादारातल्या बाया आत गेल्या,
फळीवरचे कप उतरवून जमिनीवर ठेवले,
तान्ह्यांच्या कानांवर तळवे धरले.
शिंप्याने मशीन थांबवलं.
गळवालं पोरगं तेव्हा जन्मलंही नव्हतं,
त्यानेही डोकं गुडघ्यांत घातलं.
आम्ही होतो तिथेच उभ्या.

काही झालं नाही.
झालं नाही, ते सगळ्यांनी नीट ऐकलं.
मग कप परत फळीवर.

निघताना म्हातारीने मुठीत खडी दिली, कोमट.
"फोर्टाकडे गेलात तर तिथल्या पायऱ्यांना सांगा,
दुर्गव्वानं विचारलंय."
कुठल्या पायऱ्या, ते मात्र सांगितलं नाही.

बस उशिरा आली. तोच कंडक्टर.
उरलेलं थालीपीठ त्याने उभ्याउभ्या खाल्लं,
लोणचं नाही का, म्हणाला.
अगाथा गोरेगाव येईपर्यंत गप्प होती,
मांडीवर खडे, एकेक करून मोजत.
मग म्हणाली, कोकम संपलं?