कुठेतरी पाणी मुरतंय

कर्स्टीच्या पेशी मरत होत्या, अगदी शिस्तीत.
सोमवारी अर्क घालावा,
मंगळवारी दुपारी भिंगाखाली नुसता भुगा.
अर्क ब्रॅम्बलच्या पानांचा. पानं तिनं स्वतः खुडलेली,
डंडीबाहेरच्या जुन्या रेल्वेच्या बांधावरून, मोजे न घालता.
हातावरचे ओरखडे दाखवायची
पदकं दाखवावीत तशी.
अडीच वर्षं.

मी त्या प्रयोगशाळेतली तंत्रज्ञ.
बशा मोजणं, बाटल्यांवर तारखा घालणं,
उणे ऐंशीच्या फ्रीजशी भांडणं.
माझं मत कुणी विचारत नाही,
म्हणून ते सावकाश शिजतं.
आलेख फार सरळ होता.
आमच्याकडे म्हणतात, कुठेतरी पाणी मुरतंय.
इंग्रजीत कसं सांगावं कळेना,
तेव्हा ड्रॉवरमधून चाचणीच्या कागदी पट्ट्या काढल्या.

पहिली बुडवली चहाच्या खोलीत,
माझ्याच कपात. हिरवा चहा,
सकाळी आठला केलेला, अकरापर्यंत विसरलेला.
पट्टीचं टोक हळूच निळसर झालं.
कुणी काही घातलं नव्हतं त्यात.
पानातलं काहीतरी आणि खिडकीतून आलेली हवा,
तीन तास दोघांचं गुपचूप देणंघेणं,
आणि पाण्यासारखंच दिसणारं एक पाणी
कपात जमत गेलेलं,
पदरी एक ऑक्सिजन जास्तीचा.

दुसरी बुडवली कर्स्टीच्या बशीत.
जिच्यात अर्क होता, गुलाबी पोषकद्रव होता,
पेशी मात्र एकही नव्हती.
गडद निळी.

ती पट्टीकडे बघत राहिली.
बाहेर टे नदीवर ओहोटी होती, चिखल चमकत होता.
मग म्हणाली, कॅटालेज आहे का आपल्याकडे?

होतं. गाईच्या यकृतातून काढलेलं, तपकिरी पूड.
(मिरजेला फोनवर मी सांगते, औषधांचं काम आहे.)
चिमूटभर विरघळवून बशीत सोडलं.
फेस वगैरे काही आला नाही,
इतकं थोडं होतं ते, जे अडीच वर्षं मारत होतं.
मंगळवारी पेशी जिवंत. बुधवारी जिवंत.
गुरुवारी ऐसपैस पाय पसरून, एकीला दुसरी चिकटून,
अर्कात बुडालेल्या, आणि मजेत.
इतक्या धडधाकट पेशी पाहून कुणाला रडताना
मी पहिल्यांदाच पाहिलं.

त्या रात्री घरी केस रंगवायचे होते.
खोक्यात दोन बाटल्या असतात. दुसरीवरची बारीक अक्षरं
बारा वर्षांत कधी वाचली नव्हती.
सहा टक्के. तेच.
आणि केसांच्या मुळाशीही म्हणे तेच साठतं,
आतल्या आत रंग खातं.
काट्यानं काटा, म्हणत मी ब्रश बुडवला,
आणि मध्येच थांबले. अर्धं डोकं काळं.

थेंबे थेंबे तळे साचे,
शाळेत पाटीवर गिरवलं होतं, बचतीचा धडा म्हणून.
थेंब तर रोजचेच, बाई.
श्वास घेतला की पडतात, प्रत्येक पेशीत,
वीस वर्षांच्या पोरीच्याही.
खाली कुणीतरी बसलेलं असतं, न बोलता उपसत.
ते दमलं
की मग तळं.

शुक्रवारी कर्स्टी उशिरा आली. प्रबंधाचं तिसरं प्रकरण
तिनं पुसलं नव्हतं, फक्त नाव बदललं होतं.
माझ्या अर्ध्या डोक्याकडे पाहिलं, काही विचारलं नाही.
विचारलं ते वेगळंच:
पट्ट्या काढताना तू पुटपुटलीस ते काय होतं?
मी सांगितलं. तिनं तीनदा म्हणून पाहिलं,
‘मुरतंय’पाशी दर वेळी जीभ अडखळली.
मग माझा कप उचलून, वास घेऊन,
सिंकमध्ये ओतला,
आणि किटली लावली.