बिनढगाचं वळण

सहाव्या दिवशी मी एकतिसावी होते.
छत्तिसांत.
सकाळी हवामानाची बैठक झाली, सगळ्यांनी आकडे टिपले,
मीही टिपले, सवयीने,
भूक नसली तरी ताट पुढे ओढावं तसे.

गिंतौतास पंखावरचं दव पुसत होता.
सत्तरी उलटलेला माणूस. फडकं पिळताना बोटं थरथरतात,
पंखावर ठेवली की थांबतात.
"काय करणार आज?"
"हरणार," मी म्हटलं.
"मग घाई कसली," म्हणाला, आणि वरची काच लावून घेतली.

बारा वर्षं स्पर्धेत उतरतेय.
बारा वर्षांत आभाळाची मी हिशेबाची वही केली:
सेकंदाला किती मीटर, पुढचा ढग किती किलोमीटर,
कोण पुढे, कोण वर, कोण माझ्याच फेऱ्यात घुसतोय.
संगणक म्हणे, जा. मी जाई.
संगणक म्हणे, सोड. मी सोडी.
व्हेरिओचं ते पीप-पीप घरीही सुटेना,
नवरा म्हणे, तू झोपेतसुद्धा डावीकडे कलतेस.
(पुढे तो दुसऱ्या खोलीत झोपू लागला.
त्याच्याही पुढे, दुसऱ्या शहरात.)

सहाशे मीटरवर दोरी सुटली.
ओढणारं विमान खाली वळलं, आणि उरली ती शांतता.
शांतता नव्हेच, वाऱ्याचा लांबच लांब श्श,
कोणी मूल निजवत असल्यासारखा.
मी व्हेरिओचा आवाज बंद केला.
ठरवून नाही. हात गेला, एवढंच.

तेव्हा दिसला धागा.
काचेवर चिकटवलेली लाल लोकर, बोटभर,
वारा सरळ आहे की तिरपा, तेवढंच सांगणारी.
आईच्या मोज्यांच्या गुंड्यातली. पंधराव्या वर्षी चोरलेला गुंडा,
अजून संपला नाही, दर उन्हाळ्यात नवा तुकडा कापते.
त्या पहिल्या उन्हाळ्यात याच गिंतौतासने
सगळ्या यंत्रांवर आपली टोपी टाकली होती:
"कान आहेत, बूड आहे. आता वर जाऊन दाखव."

खाली नेमुनास वळणं घेत पडलेली.
प्रिएनाईच्या पलीकडे सगळे उत्तरेच्या ढगांना लागलेले,
साखर सांडल्यावर मुंग्या लागतात तसे.
मलाही तिकडेच जायचं होतं.
तेवढ्यात वास आला.
कापलेल्या गवताचा, उन्हात तापलेल्या,
नऊशे मीटरवर!
गवत काही आपल्या पायांनी वर चढत नाही.
कोणीतरी त्याला घेऊन येत असतं.

डोक्यावर ढग नव्हता. एकही.
पण उजवा पंख जरासा उचलला गेला.
बुडाला आधी कळलं, मग पाठीला,
डोक्याला सगळ्यांत शेवटी,
आणि तोवर मी वळले होते.

पहिला फेरा वाकडा. दुसरा बरा.
तिसऱ्यात खालून करकोचे आले, अकरा,
पंख न हलवता, पाय मागे सोडून,
घर त्यांचं आणि मी न कळवता आलेली पाहुणी.
एकाने मान वळवून पाहिलंदेखील.
मी हसले. मोठ्याने.
एकटीच्या कॉकपिटात हसू केवढं घुमतं
ते विसरलेच होते.

वरचा थर लागला, चढ संपला, तरी फिरत राहिले.
का, ते विचारू नका.
लॉगर म्हणतो, सात मिनिटं वाया.

त्या दिवशी तेरावी आले.
ती सात मिनिटं नसती तर चौथी, असं एक-दोघे म्हणाले.
असेल.

रात्री गिंतौतासने पडद्यावर माझी रेघ पाहिली,
चष्मा कपाळावर, नाक जवळजवळ पडद्याला.
"इथे का वळलीस? इथे तर काहीच नाही."
"वास आला."
"कसला?"
"गवताचा."
तो जरा वेळ गप्प.
"झिगमासचं असणार. कालच कापलंय त्याने,"
म्हणाला,
आणि पंख झाकायला अंधारात निघून गेला.