पेव

शरयू, आज सेलमचा सौदा चौदा हजार दोनशेला तुटला.
तू तोंडातली मूठ काढतेस,
माझ्याकडं नीट बघतेस
आणि म्हणतेस, "ब्बू."
मी थांबतो. तुझं बोलणं अजून संपलेलं नसतं.
"ब्बू ब्बू."
बरं, चौदा हजार चारशे.

अंगणवाडीच्या कुसाळकर बाई म्हणाल्या, बोलत जावा तिच्याशी.
मी म्हटलं, बाई, सात महिन्यांच्या पोरीला काय कळतंय?
त्या तुला काट्यावरून उचलत म्हणाल्या,
"शब्द नाही कळत. तुम्ही कळता."
आणि वहीत लिहिलं, सहा किलो नऊशे.

मी यार्डातला माणूस, पोती मोजणारा.
मला दुसरं काय येतं बोलायला?
म्हणून भाव सांगतो, कुणाचा ट्रक पंक्चर झाला ते सांगतो,
आत्या का रुसलीय तेही,
दारात कृष्णा-वारणा असताना
लांबच्या नदीचं नाव का ठेवलं म्हणून.
साबणानं घासली तरी बोटं पिवळीच राहतात,
तुझ्या गालावर माझा अंगठा उमटतो.
तुझी आई म्हणते, या पोरीला रोजच हळद लागते.

काल मात्र मी मोबाइलमध्ये होतो.
तू तीनदा हाक मारलीस. मला ऐकू आली होती,
खोटं कशाला बोलू.
चौथ्यांदा तू मारली नाहीस,
पंख्याकडं वळलीस.
तो निदान फिरत तरी होता.

माझे अण्णा हरिपुरात पेवं भरायचे.
तोंड घागरीएवढं, पोट खोलीएवढं,
आत उसाचा पाला, पाल्यावर चटया, मग हळद,
वरून माती.
वर्ष जावो, चार जावोत,
वरून बैलगाडी गेली तरी कुणाला कळायचं नाही
खाली काय आहे.
उघडलं की लगेच उतरायचं नाही.
आधी दोरीला कंदील बांधून सोडायचा.
विझला तर आत हवा नाही,
वर ओढायचा, थांबायचं, पुन्हा सोडायचा.

अण्णा माझ्याशी बोलायचे नाहीत.
मारायचेही नाहीत.
जेवताना ताटाकडं, झोपताना भिंतीकडं.
त्या पाठीत मी पुष्कळ वेळा कंदील सोडला.

पुरात पेवांत पाणी शिरलं, नंतर अण्णाही गेले.
दिवसकार्याला आत्या सहज बोलून गेली,
चहा गाळता गाळता:
"तू एवढासा होतास. गोवर झालेला.
दादा तुला खांद्यावर टाकून घाटावर रात्रभर फिरला.
गाणं कुठलं येतंय त्याला?
पोती मोजत होता तुझ्या कानात.
लाभ, दोन, तीन, चार...
शंभर झाले की परत लाभ."

मला यातलं काही आठवत नाही.
घाट नाही, ताप नाही, खांदाही नाही.
पण दवाखान्यात तू जन्मायच्या रात्री
दाराबाहेरच्या बाकावर
हात कापत होते तेव्हा
मी मोजत होतो,
आणि एकपासून नव्हतो मोजत.

तुलाही आजचं काही आठवणार नाही,
हा भाव, हा दिवा, ही माझी फाटकी बनियन
जिची लोंबती दोरी तू ओढत बसतेस.
नको आठवू दे.
पेवातली हळद कुठं सांगते
कुणी भरली म्हणून.

चल, झोप आता.
लाभ.
दोन.
तीन...
काय?
बोल बोल. मी थांबलोय.