वर जायचे पैसे

आमच्या इमारतीची लिफ्ट वर जायचे पैसे घेते,
वीस तेत्री. उतरणं फुकट.
विमानतळावरून येताना हेरंब-विभाला मी एवढंच सांगितलं.
पहाटे चार वाजता
तिबिलिसीबद्दल दुसरं काही सुचेना.

नाणं आत पडलं, लिफ्ट कण्हली.
“स्टेशनावरच्या वजनकाट्यासारखं!” हेरंब म्हणाला,
“भविष्याचं कार्डही देते का?”
नवव्या मजल्यापर्यंत आम्ही तिघं
होस्टेलमधल्यासारखं हसलो.

मग बॅग उघडली, आणि मागवलेली कुकरची रिंग निघाली.
तीन लिटरची.
माझा कुकर पाच लिटरचा.
मी म्हटलं, अगदी बरोबर आणलीत.
आठ दिवस भात पातेल्यात शिजवला,
म्हटलं, इकडचा तांदूळ असाच करतात.

त्यांना माझी खोली दिली.
मी सोफ्यावर. त्याच्या मधोमध एक दांडा आहे,
तो आजवर फक्त पाहुण्यांच्या पाठींना माहीत होता.

किल्ल्यावर नेलं. पाच वर्षांत चौथ्यांदा,
चारही वेळा कुणी ना कुणी आलेलं म्हणून.
एरवी मी कॉलेज, मुलांना हाडांची नावं, बाजार, घर.
वरून नदी दाखवताना म्हणून गेले,
“आमच्याकडे चहात दूध घालत नाहीत.”
विभानं कप खाली ठेवला.
“आमच्याकडे म्हणजे?”
मी पुलांची नावं सांगत सुटले,
त्यातलं एक चुकलं असणार.

चौथ्या मजल्यावरच्या नानुलीबाई
परडीभर पिकली तेंदूसारखी केशरी फळं घेऊन आल्या,
आणि बाटलीत घरची चाचा.
बसल्या, आणि बोलतच राहिल्या:
मुलगा पोलंडात, गुडघा, गॅसचं बिल,
मग काहीतरी लांबलचक, डोळे पुसत.
मला निम्मं कळलं.
भाषांतर मात्र मी पूर्ण केलं.
हेरंबनं ग्लास उंचावून मराठीत भाषण ठोकलं,
विषय बहुधा त्याची बदली.
नानुलीबाईंनी त्याचे दोन्ही गाल धरले.

सहाव्या रात्री विभा भांडी पुसत होती.
एकच बशी, पुन्हा पुन्हा.
“निघण्याआधी तुझ्या आईकडे जाऊन आलो.
तुला सांगू नका म्हणाल्या.
डावा हात प्लास्टरमध्ये आहे.
बरं होतंय. रिक्षातून उतरताना.”

नळ चालू होता, तो मी बंद केला.

“रिंग त्यांनीच आणली.
आम्ही घेतो म्हटलं, तर ऐकेनात.
तीन दुकानं फिरल्या त्या हातानं.”

तीन लिटर.
आमच्या घरचा, ती आणि मी, दोघींचा कुकर.
तिच्या हिशेबात मी अजून तेवढाच भात खाते.

मी काही बोलले नाही.
विभानं बशी जागेवर ठेवली,
चुकीच्या कप्प्यात. ती अजून तिथेच आहे.

आठव्या दिवशी त्यांना सोडून परत आले.
टॅक्सीत त्यांचा वास नव्हता, माझ्या पाठीत दांडा होता.
फोन केला.
आईनं उचलला, म्हणाली, “बसली का गं रिंग?”
“बसली.”
“हात कसा आहे” हे वाक्य
जिभेवर आलं, आणि विभाचं वचन आठवलं,
म्हटलं, “जेवलीस?”
“जेवले,” ती म्हणाली. आम्ही दोघी खोटारड्या.

लिफ्टपाशी पर्स उलटी केली तर सुटे नाहीत.
सगळी नाणी हेरंबनं आठवडाभर हौसेनं टाकली होती.
मागून नानुलीबाई, हातात पाव.
“गेले?”
मान हलवली.
त्यांनी नाणं टाकलं, आणि लिफ्ट कण्हत असताना
सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं म्हणाल्या,
“पाहुणे गेले की दोन दिवस घर मोठं होतं.”
या वेळी एकही शब्द सुटला नाही.

चौथ्यावर त्या उतरल्या. पावाचा तुकडा मोडून दिला.
पुढचे पाच मजले मी
त्यांच्याच पैशांत गेले.