पायरी

नवी इमारत झाली तेव्हा माझ्या कमरेला
सत्तेचाळीस किल्ल्या आल्या.
जुन्या शाळेला दोनच होत्या,
त्यातली एक तर नुसती धाकापुरती;
तिचं कुलूप केव्हाच गंजून मेलं होतं.

आता दिघ्याच्या उतारावर चार मजले.
प्रयोगशाळा, तिथं काचेच्या नळ्या भुश्श्यात झोपलेल्या.
वाचनालय. संगणकाची खोली, चपला बाहेर.
एक फळा असा की त्याला खडू चालत नाही,
तो अजून प्लॅस्टिकातच, नव्या नवरीच्या सोफ्यासारखा.
पोरं त्याच्यासमोर आपोआप हळू बोलतात.
आणि खाली, पटांगणाच्या कडेला,
स्टीलचे सहा नळ.
फीत कापायला आलेल्यांनी त्यात बघून
आपापले केस सारखे केले.

सोमवारी कळलं,
पहिलीतल्या एकाचाही हात नळाला पोचत नाही.

एक उडी नळ सोडायला,
दुसरी ओंजळ धरायला,
तोवर पाणी बाहीतून थेट चड्डीपर्यंत.
काही जणी मोठ्या पोरींच्या कडेवर चढायच्या.
काही तहान दाबून बसायचे
आणि दुपारी पेंगायचे.
ठोसरबाईंनी अर्ज केला. महिन्यानं उत्तर आलं,
जावक क्रमांकासकट:
नळांची उंची निविदेप्रमाणे आहे.

दुर्गप्पा विटकर अंबिकाला सोडायला यायचा.
खाण बंद झाल्यापासून तो नाक्यावर उभा राहतो.
फाटकापाशी थांबून उड्या बघायचा,
बोलायचा नाही काही.
एका शनिवारी म्हणाला,
"मावशी, उद्या फाटकाची किल्ली आणाल का?"

विचारायला हवं होतं मी कुणाला तरी.
नाही विचारलं.

रविवारी तो आला, छिन्नी-हातोडा पोत्यात गुंडाळून.
मागून रामसूरतची रिक्षा,
मागच्या सीटवर पाहुण्यासारखं बसवलेलं
अर्धं पोतं सिमेंट.
काळा दगड सहा जणांनी उचलून आणला,
त्यातल्या दोघांचं गेल्या गणपतीपासून बोलणं नव्हतं;
"जरा डावीकडं घे" एवढं बोलावंच लागलं.
शमीम शिवणवाली टेप घेऊन आली.
पाच पोरं भिंतीला लावली, हात वर करायला लावले,
गणवेशाची घेते तशी मापं घेतली
आणि खडूनं भिंतीवर लिहिली. नव्या रंगावर.
"मधलं धरू या," रामसूरत म्हणाला.
दुर्गप्पानं सगळ्यात खालच्या रेघेवर बोट ठेवलं.

दुपारी हिरूबाई मढवी खालच्या गावातून
तांदळाच्या भाकऱ्या आणि जवळ्याची चटणी घेऊन आली.
तिची नातवंडं या शाळेत नाहीत, कधी नव्हतीच.
"इकरं आमची नाचनी व्हायची," म्हणाली,
आणि दमून त्याच दगडावर टेकली.
सिमेंट ओलं होतं. सगळे एकदम ओरडले,
चार भाषांत,
आणि ती उठली ती हसतच.
तिच्या लुगड्याची घडी त्या सांध्यात अजून दिसते.

दुसऱ्या दिवशी ठोसरबाई नळापाशी उभ्या राहिल्या.
तीन नळ मोठ्यांना, तीन धाकट्यांना.
अंबिका पायरीवरून बापासारखी गप्प पाणी पीत होती.
"ही कुणी केली?"
मी म्हटलं, निविदेप्रमाणे आहे, बाई.
त्या हसल्या नाहीत.
पण भिंतीवरची खडूची मापं
पुसू नका म्हणाल्या.

मार्चमध्ये तपासणी. जडवस्तूंची नोंदवही उघडली.
कारकून लिहायला लागला:
पायरी, दगडी, नग एक.
"कुठून आली? खरेदी, अनुदान की देणगी?"
नाक्यावरून, मी म्हटलं.
"किंमत?"
माझ्याकडं बघून त्यानं तिथं आडवी रेघ ओढली.
शेवटी एक रकाना असतो, सद्यःस्थितीचा.
पेन मी मागून घेतलं.
सातवीपर्यंत शिकलेय, अक्षर बरं आहे माझं.
लिहिलं:
ओली आहे.